दुसऱ्या बंदराचं तिकीट

निरोप आला तेव्हा ताईच्या हातात मेणाची दाढ होती.

ती काम करायची त्या लॅबमध्ये दात बनत. शहरातले डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे, इथे त्या ठशांत प्लास्टर ओतलं जायचं, आणि त्या साच्यांवर ताई आणि आणखी तिघं मिळून कॅप, ब्रिज, कवळ्या तयार करायचे. मेणाच्या दाढेला खाचा पाडायचं काम मोठं नाजूक. त्या वेळी फोनकडे बघायचं नाही, हा ताईचा स्वतःचाच नियम. पण त्या बुधवारी फोन एकदा थरथरला, दुसऱ्यांदा थरथरला, आणि मग बाटलीत माशी अडकावी तसा गुणगुणतच राहिला.

"ताई, आहेस का?"

"ताई, रविवारी आमचं जहाज तुझ्या देशात लागतंय."

"ताई, अगं उत्तर दे ना!"

मेणाच्या दाढेला अंगठ्याएवढा खड्डा पडला.

निरोप ढब्ब्याचा होता. ढब्ब्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. लहानपणी इतका गुबगुबीत की कडेवर घेऊन ताईची कंबर वाकडी व्हायची. आता तो एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर होता. ताई कामासाठी परदेशात आली त्याला पाच वर्षं झाली होती आणि दोघांची गाठ पडून साडेचार. ती सुट्टीला घरी जाई तेव्हा हा कुठल्या तरी समुद्रावर. हा घरी येई तेव्हा ती इथे, प्लास्टरमध्ये हात घालून बसलेली. फोनवर दिसायचा, पण नेट असं की दर दोन मिनिटांनी तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले अशा अवस्थेत तो गोठून जाई, आणि मग दोघंही वाट बघत बसत.

तिने ताबडतोब फोन लावला.

"कुठल्या बंदरात? किती वाजता? किती वेळ?"

"अगं हो, हो! बंदराचं नाव लिहून पाठवतो. रविवारी पहाटे लागतंय. मला नऊ ते एक सुट्टी मिळेल असं म्हणतायत. जमेल तुला?"

"जमेल म्हणजे? मी येतेय."

"लांब आहे म्हणे तुझ्यापासून."

"ते मी बघते. तू फक्त जहाजातून खाली उतर."

फोन ठेवला आणि मग तिने नकाशा काढला. बंदराचं शहर पाचशे किलोमीटरवर होतं. रेल्वेमार्गाची दुरुस्ती चाललेली, महिनाअखेरपर्यंत गाड्या बंद. विमान जायचं ते भलत्याच दिशेला उतरून फिरून. राहिली बस.

आधी सुट्टी. लॅबच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. बाई भिंग डोळ्याला लावून एक कवळी तपासत होत्या.

"शनिवारची सुट्टी हवी होती, बाई. माझा भाऊ येतोय."

"तो जहाजावरचा?" बाईंनी भिंग खाली केलं नाही. "तुझ्याकडे किती दात बाकी आहेत?"

"अकरा."

"अकरा झाले की जा. आणि शुक्रवारी घाईत एखाद्याची दाढ वाकडी करून ठेवू नकोस. तो बिचारा आयुष्यभर एकाच बाजूने चावेल."

संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. शेजारी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ठेवलं आणि त्यावर दोन टोकांना दोन ठिपके काढले. तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण मुलांच्या इस्पितळात नर्स होती. ती दुसऱ्याच देशातली, पण ताई तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणायची आणि तिलाही ते आवडून गेलं होतं. सिस्टर ड्यूटीवरून आली ती बूट न काढताच टेबलाशी बसली.

"थेट बस आहे ना!" ती म्हणाली.

"आहे. सकाळची भरली, रात्रीचीही भरली. शाळा-ऑफिसांना तीन दिवस जोडून सुट्टी आलीय, सगळा देश बाहेर पडलाय."

"बुकिंगचं पान पुन्हा उघडून बघ. कोणी तरी रद्द करतंच."

ताईने पुन्हा उघडलं. पुन्हा. आणि सातव्या वेळेला एक सीट खरोखर हिरवी झाली. दोघी एकदम ओरडल्या. ताईने भराभर नाव भरायला घेतलं, तर पानाने लाल अक्षरात सांगितलं की नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. पासपोर्टवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा सगळा गोतावळा. चौकट मात्र इवलीशी. नवऱ्याच्या नावाच्या मध्यावर येऊन अक्षरं उमटेनाशी झाली.

"तुमची नावं म्हणजे मालगाडी!" सिस्टर वैतागली. "डबे सोड काही!"

"कुठला सोडू? नवरा सोडू?"

नवरा घरी, दोन खंड पलीकडे, गाढ झोपला होता. त्याला सोडायचा की आडनाव, हे ठरेपर्यंत सीट लाल झाली.

पण त्या एका हिरव्या सीटने ताईच्या अंगात वारं भरलं. थेट नाही तर तुकड्यांनी! तिने कॅलेंडरच्या पानावर मधोमध तिसरा ठिपका काढला. शनिवारी सकाळी आठची बस, साडेबाराला मधल्या शहरात. तिथून दीडची बस, संध्याकाळी सहाला बंदर. रात्री कुठे तरी मुक्काम आणि सकाळी नऊला ढब्ब्या. तिने बाण काढले, वेळा लिहिल्या, बाणांवर बाण गिरवले. सिस्टरने एका कोपऱ्यात जहाज काढलं. ते चपलेसारखं दिसत होतं.

"एक तास हातात आहे मध्ये. भरपूर झाला," सिस्टर म्हणाली.

तरी ताईला चैन पडेना. पडद्यावरच्या वेळांवर तिचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ॲप्रनवर प्लास्टरचे डाग तसेच घेऊन, ती थेट बसस्टँडवर गेली.

खिडकीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. चष्मा साखळीने गळ्यात, आणि आवाज असा की माइक बंद असता तरी चाललं असतं. ताईने कॅलेंडरचं पान काचेखालून आत सरकवलं. तिकीटबाईंनी चष्मा चढवून ते नीट पाहिलं.

"ही चप्पल कसली?"

"जहाज आहे ते. माझा भाऊ त्यावर आहे. साडेचार वर्षांनी भेटणार आहोत, चार तासांसाठी."

तिकीटबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मागे रांगेत पाच-सहा माणसं होती, त्यांच्याकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि रांग अर्धं पाऊल मागे सरकली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मधल्या शहरात दोन स्टँड आहेत. तुमची इथली गाडी जाते ती नव्या स्टँडला, हायवेवर. बंदराची सुटते जुन्या स्टँडवरून, बाजारापाशी. मधे शहर बसने वीस मिनिटं. शनिवारी बाजार भरतो, तेव्हा पंचवीस धरा. हे तुमच्या त्या कॉम्प्युटरवर लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका. उतरल्यावर डाव्या हाताच्या दाराने बाहेर पडा, उजव्या नाही. समोरच चार नंबरची बस लागते. आणि पुढचं तिकीट बदलता येण्यासारखं घ्या. थोडं महाग पडेल, पण घ्याच. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. समुद्रावरचा माणूस सांगतो त्या दिवशी येतो, पण सांगतो त्या ठिकाणी येईलच असं नाही."

ताईने मान डोलावली आणि बदलता येणारं तिकीट घेतलं. नाव सगळं बसलं, नवऱ्यासकट. छापील कागद हातात आला तेव्हा तो अजून गरम होता. लॅबपर्यंतच्या वाटेवर तिने तो तीनदा उघडून वाचला.

शुक्रवारी संध्याकाळी सातला अकरावा दात झाला. बाईंनी तो भिंगाखाली धरला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाल्या, "पळ."

शनिवारी सकाळी आठला बस हलली तेव्हा ताई सहलीला निघालेल्या शाळकरी मुलीसारखी सीटच्या कडेवर बसली होती. खिडकीची जागा होती. पिशवीत ढब्ब्यासाठी लोकरीची टोपी आणि सहा जोड मोजे होते, कारण जहाजावर मोजे कधीच पुरत नाहीत असं तो एकदा बोलून गेला होता. शहर संपलं, गोदामं संपली, शेतं लागली. आईचा फोन आला.

"निघालीस का गं?"

"निघाले, आई. बसमध्येच आहे."

"तो वाळलाय का ते बघ. मला फोनवर म्हणतो, छान आहे. छान असलेली माणसं असं दर वेळी सांगत नाहीत. आणि दोघं भेटलात की लगेच मला फोन करा. नंतर करू म्हणाल आणि विसराल."

"विसरणार नाही, आई."

अकराच्या सुमारास पुन्हा फोन थरथरला. आईच असेल म्हणून ताईने हसत हसत बघितलं.

"ताई, घोळ झालाय. त्या बंदरात धक्का रिकामा नाही. आम्हाला वरच्या बंदरात नेतायत. वेळ तीच. तू निघालीस का गं?"

तिने लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं असावं. तिने नकाशा उघडला. वरचं बंदर पहिल्या बंदरापासून किनाऱ्याकिनाऱ्याने एकशे तीस किलोमीटर. त्या गावाचं नावही तिने कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, झालं, संपलं. आणि पुढच्याच क्षणी तिकीटबाईंचा आवाज कानात घुमला. बदलता येण्यासारखं घ्या. घ्याच.

"निघालेय," तिने लिहिलं. "वरच्या बंदरात येतेय. तू फक्त खाली उतर." निरोप गेला की नाही ते कळेना. नुसती एक बारीकशी खूण फिरत राहिली.

बस पंधरा मिनिटं उशिरा पोचली. ताई दार उघडताच उतरली, डाव्या दाराने बाहेर पडली, चार नंबरच्या बसमध्ये चढली आणि पूर्ण वेळ उभीच राहिली, जणू बसली तर बस हळू चालेल. बाजाराच्या रस्त्यावर माणसं फुलकोबीचे गड्डे काखोटीला मारून निवांत रस्ता ओलांडत होती. एक वाजून आठ मिनिटांनी ती जुन्या स्टँडच्या खिडकीपाशी होती. आत एक जाड मिशांचा कारकून डबा उघडून बसला होता.

"हे तिकीट बदलून द्या. वरच्या बंदराचं हवंय."

कारकुनाने तिकीट बघितलं, तिला बघितलं. "त्या बाजूला दिवसाला दोनच गाड्या. सकाळची गेली."

"आणि दुसरी?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वाला. म्हणजे पाच मिनिटांत. नऊ नंबरवरून." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि डब्याचं झाकण लावलं. "कोण आहे तिथे?"

"भाऊ."

कारकुनाने कळा बडवल्या. प्रिंटरने अर्धं तिकीट बाहेर काढलं आणि घर्रर्र करून तो गप्प झाला. कागद अडकला होता. कारकुनाने झाकण उघडलं, बोट घातलं, कागद फाटला. तेवढ्यात पलीकडे एका बसचं इंजिन सुरू झालं. कारकून उठला, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि सगळा स्टँड दणाणेल असा ओरडला, "नऊ नंबर! थांब! एक बाई येतायत!"

मग त्याने अर्ध्या तिकिटाच्या मागे पेनाने गावाचं नाव लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला. "पळा!"

ताई पळाली. शाळेत असताना ती शेवटचं धावली असेल, पण पाय विसरले नव्हते. बसचं दार तिच्यासाठी उघडं होतं. ती पायरीवर चढली आणि दार बंद झालं. दम लागून तिला हसूच यायला लागलं, इतकं की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"कुणासाठी थांबवलं मला?"

"माझ्या भावासाठी," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

बस लहान होती. पंचवीसेक सीटा, छताला टांगलेल्या पिशव्या, मागच्या बाकावर चक्क एक टायर. ताईने ड्रायव्हरला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याने ते पुढच्या सीटवरच्या आजोबांना सांगितलं. दोन थांबे गेले तोवर सगळ्या बसला माहीत झालं होतं की या बाईंचा भाऊ जहाजावर आहे, आणि जहाजाने बंदर बदललं. एका थांब्यावर उतरता उतरता एक माणूस टायर खांद्यावर घेऊन म्हणाला, "भेटेल हो, नक्की भेटेल!"

शेजारच्या सीटवर एक जाडजूड बाई बसल्या होत्या. "रात्री राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा ताईला आठवलं की मुक्कामाची खोली तिने पहिल्या बंदरात घेतली होती.

"काही ठरलेलं नाही."

"मग आमच्याकडे चला. म्हणजे खलाशांच्या विश्रामगृहात. बायकांसाठी दोन खोल्या असतात. जेवण यथातथाच आहे, पण चादरी स्वच्छ."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच धुते," बाई म्हणाल्या.

चादरी खरंच स्वच्छ होत्या. ताई नऊलाच आडवी झाली. झोपण्याआधी तिने फोन बघितला. निरोपाखालची खूण फिरायची थांबली होती, आणि त्याखाली ढब्ब्याचं एकच अक्षर होतं: "ये."

सकाळी साडेआठपासून ती बंदराच्या फाटकाशी उभी होती. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, पण खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही. नऊ वाजले. आतून दोघं खलाशी आले, गेले. मग चार जण आले. मग एक दाढीवाला, किडकिडीत, उन्हाने रापलेला माणूस एकटाच आला. ताई त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, गोलमटोल कोणी येतंय का ते.

"कुणाला शोधताय, बाई?" दाढीवाला मराठीत म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पहारेकरी उठून उभा राहिला.

"ढब्ब्या! मेल्या! हे काय करून घेतलंयस?"

"अगं ताई, लागलं ना!" तो हसला. हसला आणि हसता हसता रडायला लागला. ताईने त्याला धरला, आणि मग दोघंही फाटकाच्या मधोमध उभी राहिली, एक ट्रक हॉर्न वाजवत थांबला तरी.

बाजूला सरकल्यावर ताईच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते भलतंच.

"आ कर."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना. आ कर!"

त्याने फाटकाशीच आ केला. वरचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता.

"कधी झालं हे?"

"दोन महिने झाले. पाना निसटला हातातून."

"आणि आईला सांगितलं नाहीस."

"तू आहेस ना सांगायला."

ताईने त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि उरलेल्या दातांचा रंग बारकाईने बघून घेतला. "पुढच्या बंदरात डॉक्टरकडे जायचं, ठसा घ्यायला लावायचा आणि माझ्या लॅबला पाठवायचा. तुझा दात मी करणार. दुसऱ्या कुणाच्या हातचा चालणार नाही."

ते तीन-साडेतीन तास कसे गेले ते नंतर तिला सांगता येईना. धक्क्याजवळच्या खाणावळीत त्यांनी अंडी-पाव खाल्ला, मग भूक लागली म्हणून परत खाल्ला. ढब्ब्याने सहाही जोड मोजे मांडीवर ठेवून मोजले आणि लोकरीची टोपी उन्हातच डोक्यावर चढवली. त्याने इंजिनखोलीतली उष्णता, लाटा, एका स्वयंपाक्याचं आणि कॅप्टनचं मिठावरून झालेलं भांडण, सगळं हातवारे करून सांगितलं. ताईने बाईंचं भिंग सांगितलं. मग दोघांनी आईला फोन लावला. पडद्यावर आईचा चेहरा आला, डोळे बारीक करून दोघांना न्याहाळणारा.

"आई, दिसतोय ना?"

"दिसताय," आई म्हणाली. "जरा जवळ बसा दोघं. आणखी जवळ. हं. आता बोला."

फोन ठेवल्यावर ढब्ब्या घसा खाकरू लागला. खाकरला, पाणी प्यायला, पुन्हा खाकरला.

"काय ते बोल एकदाचं," ताई म्हणाली.

त्याने फोन पुढे केला. फोटोत पांढऱ्या कोटातली एक मुलगी औषधांच्या कपाटापाशी उभी होती आणि फोटो काढणाऱ्याला हसत होती. "औषधांच्या दुकानात असते. आपल्याच गावात. मागच्या सुट्टीत भेटलो. पुढच्या सुट्टीत लग्न करावं म्हणतोय."

ताई बाकावरून उठलीच. "अरे! अरे वा! आणि आईला?"

"तू सांग ना, ताई."

"तुटलेला दातही मीच सांगायचा आणि सूनही मीच सांगायची?"

"दात आधी सांग," ढब्ब्या म्हणाला. "म्हणजे सुनेने बरं वाटेल."

ताई इतकी हसली की खाणावळीतल्या माणसाने दोघांना न मागता चहा आणून दिला. मग तिने मुलीचे आणखी नऊ फोटो बघितले, तिची उंची विचारली, आवाज ऐकायचा म्हणून एक रेकॉर्ड केलेला निरोप ऐकला, आणि ठरवून टाकलं की मुलगी आवडली.

ताईची परतीची गाडी साडेबाराला होती. स्टँड फाटकापासून दहा मिनिटांवर. पिशवी उचलायला ती वाकली तर ढब्ब्याने ती आधीच खांद्यावर टाकली होती.

"तू चल नुसती. तिकीट मी काढणार."

"अरे, तुला इथली भाषा येत नाही."

"येईल. आजवर सगळे मलाच पोचवायला येतात, ताई. मी कधी कुणाला पोचवलेलंच नाही."

तो खिडकीपाशी गेला. ताई मागे उभी राहून बघत राहिली. त्याने एका बोटाने एक दाखवलं, मग हात बससारखा पुढे नेला, मग ताईकडे बोट दाखवलं. खिडकीतली मुलगी गोंधळली. त्याने दोन्ही हातांनी चौकोन केला, त्यातून तोंड बाहेर काढून इकडेतिकडे बघितलं आणि हाताने लाटा केल्या. मुलगी खळखळून हसली आणि तिकीट दिलं. ढब्ब्या ते उंच धरून परत आला.

"खिडकीची जागा. समुद्राच्या बाजूची," तो छाती काढून म्हणाला.

बस निघाली तेव्हा तो टोपी घालून फलाटावर उभा होता आणि तुटका दात दाखवत हात हलवत होता. बस वळेपर्यंत ताईही हलवत राहिली.

रस्ता थोडा वेळ किनाऱ्याने गेला. एका चढावर समुद्र एकदम उघडा पडला आणि खाली बंदरात तीन जहाजं दिसली. तिन्ही सारखीच. खाली गंजलेली लाल, वर मळकी पांढरी. आपल्या भावाचं यातलं कुठलं, हे विचारायचं ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या सीटवरच्या आजी तिच्या अंगावरून वाकून बघू लागल्या.

"केवढी मोठी असतात नाही ही जहाजं!" आजी म्हणाल्या.

"ते मधलं आहे ना," ताईने काचेवर बोट टेकवून ठासून सांगितलं, "ते माझा भाऊ चालवतो."